'३००' येतोय, तो नीट दाखवा : पुण्यातल्या मल्टिप्लेक्सवाल्यांना आणि वितरकांना खुलं पत्र

पुणे, फेब्रुवारी २००७

पुण्यातल्या सगळ्या मल्टिप्लेक्सचे मालक, मॅनेजर आणि इंग्रजी पिक्चरचे वितरक यांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

स्पार्टाच्या, म्हणजे जुन्या ग्रीसमधल्या एका शहराच्या, पर्शियन (इराणी) फौजेशी लढलेल्या ३०० सैनिकांवरचा '३००' हा इंग्रजी पिक्चर अमेरिकेत ९ मार्चला लागतोय आणि आपल्याकडेही तो मार्चमध्येच येईल असं सगळीकडून ऐकू येतंय. तुमच्यापैकी एका मल्टिप्लेक्सच्या खिडकीवर गेल्या आठवड्यात मी चौकशीला गेलो, खिडकीवरच्या मुलाला काही माहीत नव्हतं, त्याने आतल्या साहेबांना विचारलं, साहेब बाहेर आले, बोलले अगदी नीट, पण जे बोलले ते ऐकल्यापासून मला गप्प बसवत नाहीये. म्हणाले लावू बहुतेक, पण मार्च म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा, त्यात वर्ल्ड कप, धंदा होत नाही, त्यामुळे इंग्रजीचा एकच शो, रात्री पावणेअकराचा, सगळ्यात छोट्या स्क्रीनला, बाकी दिवसभर हिंदी डब. मी म्हटलं अहो हा पिक्चर मोठ्या पडद्यासाठीच केलाय, तर म्हणाले, सगळेच तसं म्हणतात.

सगळे म्हणत असतील, पण या पिक्चरच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे, आणि ते का ते सांगायलाच हे पत्र. तुमच्यापैकी प्रत्येकाने वाचावं आणि प्रेक्षकांनीही वाचावं म्हणून जाहीर लिहितोय.

आधी माझा काय संबंध ते सांगतो. मी नारायण पेठेत राहतो आणि छपाईच्या धंद्यात आहे. पुस्तकांची कव्हरं, दिवाळी अंक, कॅलेंडरं यांचं कलर सेपरेशन, म्हणजे छपाईसाठी चित्राचे रंग वेगळे काढणं, हे माझं रोजचं काम. मित्राच्या भावाने काही वर्षांपूर्वी अमेरिकेहून '३००'चं पुस्तक आणलं, फ्रँक मिलरने लिहिलेलं-काढलेलं आणि लिन व्हार्लीने रंगवलेलं. १९९८ मध्ये डार्क हॉर्सने ते आधी पाच अंकांत काढलं आणि नंतर एकत्र पुस्तक केलं. आपल्याकडे कॉमिक म्हटलं की इंद्रजाल नाहीतर अमर चित्र कथा एवढंच डोळ्यासमोर येतं, ती मीही ढिगाने वाचलीत आणि मला ती अजून आवडतात, पण हे पुस्तक हातात घेतलं आणि मी पानंच उलटत बसलो. ते आडवं आहे. उघडलं की डावं-उजवं मिळून एकच लांबच लांब चित्र, आणि अख्खं पुस्तक तसंच, चित्राला जागा हवी म्हणून पुस्तकाचा आकारच बदललाय. एका पानावर स्पार्टाचे सैनिक पर्शियन फौजेला कड्यावरून खाली ढकलतात, माणसं नुसत्या काळ्या आकृत्या होऊन पडतायत, आणि त्या काळ्याकडे मी भिंग लावून बघितलं (सवयच आहे ती) तर तो सपाट काळा नाहीच, त्याच्या कडांना खालून तपकिरी झिरपलेला दिसतो, वॉटरकलर सुकताना कडेला जमा होतो ना, तसा. सगळं पुस्तक मातकट, गंजलेलं, राखाडी, आणि त्यात लाल फक्त अंगरख्याचा आणि रक्ताचा. १९९९ मध्ये व्हार्लीला या रंगकामाचं आयस्नर अवॉर्ड (कॉमिक्ससाठीचं मोठं बक्षीस) मिळालं, मिलरलाही मिळालं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, असा काळा छापताना मशीनमनचा घाम निघतो. शाई जरा जास्त झाली की सगळ्या शॅडो भरतात आणि चित्राचा चिखल होतो, जरा कमी पडली की राखाडी धूर.

आता पिक्चरकडे येतो. दिग्दर्शक झॅक स्नायडरने हे पुस्तक समोर ठेवून पिक्चर केलाय म्हणजे नुसती गोष्ट घेतली असं नाही, त्याने चौकटींच्या झेरॉक्स काढून, त्या चौकटीच्या आधी काय आणि नंतर काय असा विचार करत शॉट आखले. जवळपास सगळं शूटिंग माँट्रियलमध्ये स्टुडिओच्या आत, मागे निळा पडदा. डोंगर, समुद्र, आकाश, सगळं नंतर भरलेलं. हजाराहून जास्त शॉट्समध्ये कॉम्प्युटरचं काम आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटी सगळ्या फ्रेम्सचा काळा त्यांनी मुद्दाम दाबलाय आणि रंग वर उचललेत, त्यांनी त्याला नावच 'क्रश' असं दिलंय. म्हणजे व्हार्लीने ब्रशने जे केलं ते यांनी कॉम्प्युटरवर केलं. ट्रेलर मी रात्री दोननंतर डाउनलोडला लावून उतरवलाय, अनेकदा बघितलाय, एकेक फ्रेम थांबवून पुस्तकाशेजारी धरून बघितलाय, आणि बऱ्याच फ्रेम्स अक्षरशः पानावरून उचललेल्या आहेत. कड्याचीही आहे. कॉम्प्युटरच्या एवढ्याशा चौकोनात ती बघून मला भरून आलं, उगाच नाही सांगत.

आता यात तुमचा संबंध काय, तर या पिक्चरमध्ये दाखवायचं ते सगळं अंधाराच्या आणि उजेडाच्या मधल्या त्या बारीक पट्ट्यात आहे. आणि तो पट्टा पडद्यावर दिसणार की नाही हे झॅक स्नायडरच्या हातात नाही, तुमच्या केबिनमधल्या दिव्याच्या हातात आहे.

प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा महाग असतो हे मला माहीत आहे. त्याचे तास ठरलेले असतात, जुना झाला की उजेड कमी होतो, काच काळवंडते, हेही माहीत आहे. आणि तो जास्त दिवस चालावा म्हणून करंट कमी ठेवून चालवायची पद्धत आहे हेही माहीत आहे. पडद्यावर उजेड किती हवा याचं जगभर मानलेलं माप आहे, प्रोजेक्टर फिल्मशिवाय चालू ठेवून पडद्याच्या मध्यावर १६ फूट-लँबर्ट (उजेड मोजायचं एकक). मीटर लावला की पाच मिनिटांत कळतं. तुमच्यापैकी किती जणांकडे तो मीटर आहे? हा प्रश्न मी चिडवायला विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचंय. नेहमीच्या हिंदी पिक्चरमध्ये, सगळीकडे लख्ख लायटिंग असतं तिथे, उजेड थोडा कमी पडला तर कुणाला कळतही नाही. इथे कळेल. जो काळा आधीच दाबलेला आहे तो अशक्त दिव्यावर गेला की अर्धी फ्रेम गायब, आणि लोक बाहेर पडताना म्हणणार काय अंधारा पिक्चर काढलाय.

हे हवेत बोलत नाहीये. मागच्या वर्षी तुमच्यापैकीच एका ठिकाणी (नाव घेत नाही, कारण मला कुणा एकाला धरायचं नाही) एक इंग्रजी पिक्चर बघितला, त्यात रात्रीचा बराच भाग होता. पडद्याच्या मधोमध एक पिवळट गोल, कडेला सगळं मातेरं, कोण बोलतंय तेही दिसेना. वर फ्रेम नीट बसवलेली नव्हती, माणसांची डोकी वरच्या काळ्या कापडावर आणि खाली पडद्याच्या कडेला सबटायटल अर्धं कापलेलं. मी उठून बाहेर गेलो, डोअरकीपरला सांगितलं, त्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजर आत येऊन उभा राहिला, अर्धा मिनिट बघितलं आणि मला म्हणाला, "सर, पिक्चरच तसा आहे." सबटायटल कापलेलं समोर दिसत असताना! त्यांना दिसलं नाही असं मी म्हणत नाही, त्यांना ते बिघडलेलं वाटलं नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी जागेवर परत येईपर्यंत इंटरव्हल झालं, ते पण एका वाक्याच्या मध्यात.

इंटरव्हलचं बोलायलाच हवं. इंग्रजी पिक्चर इंटरव्हल धरून लिहिलेले नसतात. तुम्ही रीळ जिथे संपतं तिथे दिवे लावता, मग तिथे कुणी मरत असो नाहीतर कुणी काही सांगत असो. समोशाची विक्री तुम्हाला हवी, मान्य, तिकिटापेक्षा कँटीनवर तुमचं जास्त सुटतं असं म्हणतात. पण '३००' दोन तासांच्या आत संपणारा आहे. दोन तास लोक बसतील. आणि अगदीच नाही जमलं तर निदान एकाने आधी बसून पिक्चर बघा आणि कुठे थांबलं तर चालेल ते ठरवा, ऑपरेटरच्या घड्याळावर सोडू नका.

आवाजाचंही तेच. केबिनमधल्या आवाजाच्या, डॉल्बीच्या डब्यावर ७ हा आकडा म्हणजे मिक्सिंग करणाऱ्याने ऐकला तो आवाज. कुणीतरी कधीतरी जाहिराती मोठ्याने वाजतात म्हणून तक्रार करतं, ऑपरेटर फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) साडेचारवर आणतो, आणि मग मुख्य पिक्चरही साडेचारवरच चालतो. जाहिराती कमी आवाजात लावा, पिक्चर नको.

आता हिंदी डबचा मुद्दा. ज्यांना हिंदीत बघायचाय त्यांना हिंदीत मिळायलाच पाहिजे, त्यात कमीपणा काही नाही, माझ्या प्रेसमधली दोन-तीन पोरं हिंदीतच बघणार आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त उत्साहाने वाट बघतायत. माझं म्हणणं वाटणीबद्दल आहे. दिवसाचे सगळे चांगले शो एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एक पावणेअकराचा, हे काय गणित? पिक्चर सुटेपर्यंत पाऊण-एक वाजणार, तेव्हा पीएमटीच्या बस बंद. हडपसरचा, धनकवडीचा, पिंपरीचा माणूस ज्याच्याकडे गाडी नाही त्याने काय करायचं? होस्टेलवर राहणाऱ्या मुलींना दहाला गेट बंद होतं, त्यांनी काय करायचं? या शहरात इंग्रजी पिक्चर बघणारे लोक काल आलेले नाहीत. अलका आणि राहुल टॉकीजला इंग्रजी पिक्चर बघत आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या. प्रभातचा स्टुडिओ या गावात होता, त्याच जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, शेजारी फिल्म अर्काइव्ह आहे. इथला प्रेक्षक रात्री पावणेअकराला ढकलून देण्यासारखा नाही.

आणि पेपरात जाहिरात देताना पिक्चरचं नाव आणि वेळा एवढंच छापता, कुठला शो हिंदी कुठला इंग्रजी ते खिडकीवर गेल्यावर कळतं, कधी कधी आत बसल्यावर कळतं. वेळेपुढे कंसात 'हिं' आणि 'इं' छापायला किती जागा लागते? मी सांगतो, काहीच लागत नाही, माझा धंदाच तो आहे.

परीक्षा आणि वर्ल्ड कपचं तुमचं कारण मी प्रामाणिकपणे तपासून बघितलं. पिक्चरमध्ये जेवढं रक्त आहे ते बघता त्याला 'ए' मिळेल असं मला वाटतं, म्हणजे दहावीचं पोरगं तसंही आत येऊ शकत नाही आणि बारावीतली बरीचशीही नाहीत. वर्ल्ड कप वेस्ट इंडिजमध्ये आहे. १३ मार्चला सुरू होतोय, भारताची पहिली मॅच १७ तारखेला बांगलादेशबरोबर त्रिनिदादला, आणि तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. मॅच आपल्याकडे संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालणार. मग तुम्ही इंग्रजी शो ठेवलाय कधी, तर बरोब्बर मॅच रंगात आलेली असताना! दुपारी बारा, तीन, या वेळा तुम्हाला वर्ल्ड कपच्या महिन्यात मोकळ्याच मिळणारेत. त्या द्या आम्हाला. यात आमच्यावर उपकार नाही, तुमचाच फायदा आहे.

वितरकांना दोन गोष्टी वेगळ्या सांगायच्या आहेत. एक म्हणजे 'यूए' मिळावं म्हणून स्वतःहून कात्री लावू नका. सेन्सॉर जे सांगेल ते सांगेल, ते तुमच्या हातात नाही. पण जास्त तिकिटं खपावीत म्हणून आधीच कापून नेणं, हे होतं आणि ते आम्हाला कळतं, कारण पार्श्वसंगीत मध्येच उडी मारतं. हा पिक्चर संथ-वेगवान-संथ असा चालतो, एकाच शॉटमध्ये भाला हळू येतो आणि मग एकदम सुटतो, त्यातले चार सेकंद काढले की ठेकाच तुटतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पोस्टरवर 'सत्यकथा' असलं काही लिहू नका. पिक्चरमधली थर्मोपिलीची लढाई खरी आहे, इ. स. पूर्व ४८०, स्पार्टाचा राजा लिओनायडस खरा, पर्शियाचा राजा झर्क्सिस खरा, ती लढली गेली ती खिंड खरी (आता समुद्र तिथून गाळामुळे काही किलोमीटर मागे सरकलाय, त्यामुळे जागेवर जाऊन बघणाऱ्याला खिंड वाटतही नाही म्हणे). पण ३०० जण एकटे नव्हते. जुना ग्रीक इतिहासकार हिरोडोटस, त्यानेच लिहून ठेवलंय, बाकीची ग्रीक शहरं होती, सगळे मिळून काही हजार होते, आणि शेवटच्या दिवशी स्पार्टाच्या लोकांबरोबर थेस्पिया या दुसऱ्या ग्रीक शहराचे ७०० जण थांबले आणि मेले, त्यांचं नाव पोस्टरवर कुणी लिहीत नाही. स्पार्टाचे सैनिक उघड्या अंगाने लढत नव्हते. त्यांचे गुलाम होते, हेलॉट, त्यांच्या जिवावर ते दिवसभर कवायत करायचे. आणि झर्क्सिस पुस्तकात टक्कल केलेला, अंगभर साखळ्या-कड्या घातलेला राक्षसी उंचीचा माणूस आहे, इराणमधल्या पर्सेपोलिसच्या कोरीवकामात बघा, तिथे राजे दाढीवाले, मुकुट घातलेले, अगदी वेगळे.

मला यातलं काहीच खटकत नाही, कारण पुस्तकात ही गोष्ट डिलिओस नावाचा एक सैनिक सांगतो, पुढच्या लढाईच्या आधी आपल्या माणसांना चेव यावा म्हणून. तो आपल्या शाहिराचंच काम करतोय. पोवाड्यात अफझलखान येतो तेव्हा शाहीर त्याची उंची टेप लावून मोजत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. पण पोवाडा आहे हे माहीत असलं पाहिजे ना. या शहरात इराणहून शिकायला आलेली मुलं शेकड्याने आहेत, कँपात आणि नाना पेठेत पारशी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ज्यांच्या इराणी हॉटेलात बसून आपण बन-मस्का खाल्ला ते लोक आहेत. त्यांच्या पूर्वजांना राक्षस करून दाखवलेलं त्यांना बघावं लागणार, आणि वर तुम्ही 'सत्यकथा' म्हणून छापलंत तर शेजारच्या खुर्चीवरचं पोरगं ते खरंच मानणार. 'फ्रँक मिलर आणि लिन व्हार्ली यांच्या ग्राफिक नॉव्हेलवरून' असं स्वच्छ छापा. व्हार्लीचं नाव टाकायला विसरू नका, या पिक्चरचे अर्धे रंग तिचे आहेत.

तर मागणं एवढंच आहे. शहरात निदान दोन-तीन ठिकाणी मोठ्या स्क्रीनला रोज दुपारचा एक आणि संध्याकाळचा एक इंग्रजी शो, पहिले दोन आठवडे. पिक्चर लागायच्या आधी दिवा तपासून घ्या, जुना असेल तर बदला, स्कोपची (रुंद चित्राची) लेन्स आणि फ्रेम बसवून मास्किंगचे, म्हणजे कडेचे काळे, पडदे नीट ओढून घ्या, आणि पहिल्या शोच्या आदल्या रात्री एक रीळ चालवून बघा. आवाज कमी करू नका. इंटरव्हल नको, आणि द्यायचंच तर ठरवून द्या. शेवटी नावं सुरू झाली की लगेच दिवे लावून दारं उघडू नका, ज्या शेकडो लोकांनी एकेक फ्रेम रंगवली त्यांची नावं तेवढीच एकदा येतात. जाहिरातीत भाषा छापा. आणि मध्ये काही बिघडलं तर सांगायला कुणाकडे जायचं ते दारावर लिहून ठेवा, आणि तो माणूस असा हवा ज्याला कापलेली फ्रेम कापलेली दिसेल.

मल्टिप्लेक्स आले तेव्हा सरकारने तुम्हाला करमणूक करात सवलत दिली, चांगली सोय होईल म्हणून, आणि आम्ही दीडशे रुपये देतो तेही त्याचसाठी. खुर्च्या मस्त आहेत, एसी मस्त आहे, संडास स्वच्छ आहेत, हे मी मनापासून मान्य करतो आणि त्यासाठी तुमचे आभार. पण आम्ही येतो ते पडद्यावरचं बघायला.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे हे होणार असेल त्यांनी जाहिरात प्रेसला जायच्या आधी तसं जाहीर करावं. आम्ही आमच्या ओळखीतले सगळे तिथेच तिकिटं काढणार आहोत, पहिल्या दिवसाची. आणि ज्यांना उजेडाचं माप घ्यायचंय पण मीटर नाही त्यांनी लॉ कॉलेज रोडला जाऊन इन्स्टिट्यूटच्या लोकांना एकदा विचारावं, प्रोजेक्शन कळणारी माणसं तिथे आहेत आणि मला नाही वाटत कुणी नाही म्हणेल. सकाळी पहिल्या शोच्या आधी अर्धा तास लागेल फक्त.

कळावे, लोभ असावा,

आपला,
एक प्रेक्षक
नारायण पेठ, पुणे ३०